तेरा किलोंची तूट

प्रिय भिंगरी,

रविवारी फोनवर मी त्रेपन्न किलो म्हणालो आणि तू पलीकडून टाळ्या वाजवल्यास. आकडा खरा होता. मी आयुष्यात खोटा आकडा कधी सांगितला नाही, हे तुला माहीत आहे. पण त्या आकड्यामागे जे आहे ते गेले पाच रविवार मी तुझ्यापासून लपवतो आहे, आणि तुझी आई शेजारच्या खुर्चीत बसून, ओठांवर बोट ठेवून, मला लपवायला लावते आहे. कॅमेरा बिघडलाय म्हणून तू दिसत नाहीस, असं तुला सांगत आलो तेही खरं नाही. आई आजारी आहे, हे आधीच सांगून टाकतो. किती आणि कशानं ते पुढे येईल. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. नर्सबाई इंजेक्शन देऊन गेल्या, म्हणजे साडेचारपर्यंत ती झोपेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू पाठवलेला काटा बाजूला सारून लिहायला बसलोय. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्ये बोलतेस, रडतेस, आणि मग माझं राहून जातं. कागदाला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा उभ्याउभ्या वाचू नकोस, बस आणि शेवटपर्यंत वाच.

चौतीस वर्षं वजनमाप खात्यात मी लोकांचे काटे तपासले. बाजारात शिरलो की अर्ध्या दुकानदारांचे हात आपोआप पारड्यापासून लांब जायचे. निवृत्त झालो आणि पहिल्या आठवड्यातच मला कळलं की घरात तपासण्यासारखं काहीच नाही. आईच्या मागे मागे फिरायचो. हे इथे का, ते तिथे का. ती म्हणायची, अहो, जरा बाहेर चक्कर मारून या ना. आणि त्याच सुमारास तिच्या उजव्या गुडघ्यानं मान टाकली. गुडघ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करू, पण आधी दहा किलो उतरवून आणा. अठ्ठ्याहत्तर होती ती तेव्हा. मी तुला फोन केला, आणि चार दिवसांत तुझं पार्सल हजर: स्वयंपाकघराचा काटा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि सोबत तुझ्या अक्षरात चिठ्ठी. ‘बाबा, आईचं वजन आता तुमच्या ताब्यात. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी, एवढं एकच पाठ करा. बाकी सगळं आपोआप होतं.’ ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावली. खरं सांगतो, निरोप समारंभात मिळालेल्या शालीपेक्षा मला त्या काट्याचा आनंद जास्त झाला.

तुझी आई तेल हातानं ओतायची. बाटली उचलली, कढईवर एक गोल फिरवली, झालं. किती घातलंस विचारलं तर म्हणायची, अंदाजानं. माझ्या खात्यात अंदाज ही शिवी होती. मी पद्धत बसवली. स्वयंपाकाआधी बाटलीचं वजन, स्वयंपाकानंतर बाटलीचं वजन, मधला फरक म्हणजे गेलेलं तेल. पण गेलेलं सगळं पोटात जात नाही, काही कढईला राहतं. म्हणून रिकाम्या कढईचं वजन आणि वापरलेल्या कढईचं वजन. तळण निथळायला कागद घातला तर कोरा कागद आणि तेलकट कागद. वांगं तेल पितं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण किती पितं ते मी मोजलं. दोनशे ग्रॅम वांग्याच्या चकत्यांनी सेहेचाळीस ग्रॅम तेल प्यायलं. चारशे चौदा कॅलरी. हा आकडा मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केला, नेमकी ती पहिला घास तोंडात घालत असताना. तिनं घास परत ताटलीत ठेवला. तुझ्या आईला तळलेलं वांगं किती आवडतं ते मी तुला काय सांगू. तो किस्सा मी तुला फोनवर ऐकवला तेव्हा तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मोजल्यावर कळलं की रोज चाळीस ग्रॅम तेल तिच्या एकटीच्या वाट्याला जात होतं. मी ते दहावर आणलं. तीस ग्रॅम वाचले, म्हणजे दोनशे सत्तर कॅलरी रोजच्या. एक किलो चरबी उतरायला सात हजार सातशे लागतात, हे तूच सांगितलंस. म्हणजे साधारण महिन्याला एक किलो. पहिला महिना, सत्याहत्तर. दुसरा महिना, शहात्तर. हिशेब इतका चोख बसला की मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात मिठी मारलीत, तीही काट्याच्या नादात. मला तो विनोद वाटला होता.

मग एक दिवस बाटली अकरा ग्रॅमनं हलकी भरली. मी सकाळी बँकेत गेलो होतो. परत आल्यावर तिला टेबलाशी बसवलं आणि दुकानदारांना विचारायचो तसंच विचारलं: कधी, कशासाठी, याआधी किती वेळा. तिनं कबूल केलं की भूक लागली म्हणून एक अंडं तळलं. एक अंडं! साठी उलटलेल्या बाईकडून मी अंड्याचा कबुलीजबाब घेतला. आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून माझी जुनी सील मारायची पक्कड काढली, तार आणि शिसं काढलं, आणि तेलाच्या बाटलीला सील ठोकलं. मी बाहेर जाताना सील, परत आल्यावर सील तोडणं. समोरच्या दारातल्या काकूंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, बाटली नवीन आहे. आई हसून म्हणाली, आमच्याकडे तेलाला पहारा असतो. त्यावर मी म्हणालो, असणारच, हिला तोलायला ट्रकचा काटा मागवावा लागतो. काकू हसल्या, मी हसलो, आईही हसली. मग ती आमच्याकडे पाठ करून घासलेलीच कढई पुन्हा घासायला लागली. मला दिसत होतं की कढई घासलेली आहे. मी काही बोललो नाही, कारण मला वाटलं, बोचलं तर बरंच, बोचलं की माणूस सुधारतो.

तिसऱ्या महिन्याला त्र्याहत्तर भरली. एका महिन्यात तीन किलो. चौथ्याला सत्तर. भिंगरी, इथे नीट लक्ष दे, कारण सगळं इथेच आहे. माझ्या हिशेबानं एक किलो उतरायला हवा होता आणि तीन उतरत होते. आकडा जुळला नाही की माझ्या जातीचा माणूस पहिल्यांदा काय करतो? काट्यावर संशय घेतो. मी माझ्याकडची पाच-पाच किलोंची लोखंडी वजनं काढली, पुसली आणि आईला ज्यावर उभी करायचो त्या काट्यावर चढवली. काटा चोख. मग बाटली-कढईचं तीन दिवस दुबार वजन केलं. तेही चोख. तेव्हा मी तुला विचारलं. तू म्हणालीस, बाबा, मेटाबोलिझम सुधारला असेल, मस्तच की! मला त्या शब्दाचा अर्थ पुरता कळला नाही, पण तो तुझ्या तोंडून आला आणि तुझा तो जिमचा धंदा, म्हणून मी तो वहीत लिहिला आणि पुढे निघालो. काट्याला तपासलं, कढईला तपासलं, तुला विचारलं. जिचं वजन होतं तिला काही विचारलं नाही.

ती आपणहून सांगत होती. चार घास खाल्ले की गच्च होतं, म्हणायची. पोट जड वाटतं. पाठीत काहीतरी ओढतं. मी म्हणायचो, तेल नाही म्हणून तोंड वाकडं चाललंय. एका रविवारी तिनं माझ्या हातातून फोन घेऊन तुला हेच सांगितलं, आठवतंय? मी शेजारीच होतो, तुझा आवाज स्पीकरवर होता. तू म्हणालीस, ‘आई, नाटकं नको गं. भूक कमी झाली म्हणजे जठर लहान झालं. हेच तर हवंय आपल्याला. बाबांना सहकार्य कर.’ तिनं हो म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. त्यानंतर तिनं तुझ्याकडे कसलीही तक्रार केली नाही.

तिच्याकडे तिचं स्वतःचं माप होतं. शिंप्याच्या दुकानात सव्वीस वर्षं लोकांचे कपडे आत घेण्यात आणि सोडण्यात तिचा जन्म गेला. एका सकाळी ती गळ्यात टेप घालून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, अहो, ऐका ना, दंड उतरलेत, मांड्या उतरल्यात, पण कंबर दीड इंच वाढलीय. असं कसं? माझ्या आयुष्यात मला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल. आणि मी काय केलं? तिच्या गळ्यातला टेप काढून घेतला, माझ्या पोलादी पट्टीवर ताणून धरला आणि तिला दाखवलं की हा कापडी टेप जुना झालाय, मीटरमागे तीन मिलिमीटर ताणलाय, असलं माप कोर्टात उभं राहत नाही. टेप तिनं मशीनच्या खणात टाकला. आता ऐक. ताणलेला टेप माप कमी दाखवतो, जास्त नाही. म्हणजे तिची कंबर दीड इंचाहून जास्तच वाढलेली होती. हे नव्या उमेदवारालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ते तेव्हा सुचलं नाही, की सुचलं आणि माझा आकडा बिघडेल म्हणून मी ते दडपलं, हे मी गेले पाच आठवडे आठवून पाहतोय आणि मला सांगता येत नाही.

सहासष्ट. बासष्ट. तू तिचा फोटो मागितलास. तिनं स्वतःच्या हातानं आत घेतलेला कपडा घालून फोटो काढला, आणि पोट दिसू नये म्हणून हातात उशी धरली. तू तो तुझ्या जिमच्या भिंतीवर लावलास, आधीच्या फोटोशेजारी, खाली लिहून की माझ्या आईनं हे फक्त तेल मोजून केलं. मी तो भिंतीचा फोटो बागेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवला. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, किती दमलेली दिसतेय मी. मी म्हणालो, तुला कौतुक सोसतच नाही.

अठ्ठावन्नला मी तिला गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. दहा मागितले होते, वीस आणले होते. माझी छाती अशी फुगलेली की विचारू नकोस. इस्त्रीचा सदरा, बगलेत वही. वाटेत ठरवलं होतं, आधी वांग्याचं पान दाखवायचं. बाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, मग तिला आडवं केलं, पोटावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं टिचकी मारली, आणि विचारलं, हे असं किती दिवसांपासून आहे? आणि तुझ्या आईनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं विचारल्यासारखं. बाईंनी ते पाहिलं. त्या मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मी बाकावर बसून वही उघडली आणि पहिल्यांदा खरा हिशेब केला. तेल कमी करून सात महिन्यांत सात किलो उतरायला हवे होते. उतरले वीस. तेरा किलोंची तूट. किलोमागे तेरा ग्रॅम कमी दिले म्हणून मी दुकानं बंद केलीत, भिंगरी. माणसं माझ्या पाया पडलीत.

कॅन्सर आहे. पोटातच सुरू झाला आणि पोटभर पसरला. कंबर पोटात साठलेल्या पाण्यानं वाढली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी तीन दिवसांत सगळं सांगितलं. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषध सोसेल इतकी ताकद अंगात नाही. ताकद का नाही, ते त्यांनी विचारलं, आणि मला तेलाचं सांगावं लागलं. मी विचारलं, तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर? ते म्हणाले, आधी आणलं असतं तर बरंच होतं, पण नक्की काही सांगता येत नाही. मी आकडा मागितला. दहात किती, शंभरात किती, काहीतरी द्या. त्यांनी दिला नाही. शेवटी म्हणाले, आता त्यांना काय हवं ते खायला घाला, जितकं तेल जाईल तितकं चांगलं, आता एकेक कॅलरी मोलाची आहे. सरळ चेहऱ्यानं म्हणाले.

तेव्हापासून मी तेल उलटं मोजतोय. सूपमध्ये पंधरा ग्रॅम मिसळतो, कुस्करलेल्या बटाट्यात वीस. एक ग्रॅम नऊ. ती दोन चमचे घेते आणि मान फिरवते. मग मी वाटी पुन्हा काट्यावर ठेवून बघतो की आत किती गेलं. परवा बावीस कॅलरी गेल्या. काल नऊ. मी वांगं तळलं, हात सैल सोडून, तिच्यासारखी बाटली गोल फिरवून. वास आल्यावर तिचे डोळे उघडले. एक तुकडा तिनं तोंडात धरला, चावला नाही, मग हळूच रुमालात काढून ठेवला आणि मला म्हणाली, मस्त झालंय, आता सील नका लावू. ती हे चेष्टेनं म्हणाली, मला बोल लावायला नाही. तिनं मला एकदाही बोल लावलेला नाही. लावला असता तर मी तिचा फार ऋणी झालो असतो. ती मला सारखी सांगते की तुम्ही माझ्या भल्यासाठीच करत होतात, आणि माझं भलं झालं नाही याला तुम्ही काय करणार. हे ऐकून मी मोरीत जातो, नळ सोडतो आणि तोंडात टॉवेल कोंबतो.

पहिल्याच संध्याकाळी तिनं माझा हात घट्ट धरला आणि वचन घेतलं. पोरीला यातलं काही कळता कामा नये. दर रविवारी आकडा सांगायचा, तिला खूश ठेवायचं. मी गेल्यावर म्हणा, अचानक झालं, झोपेत गेली. ‘तिला कळलं की मी तेव्हा तिला खरंच दुखण्याचं सांगत होते, तर ती जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. तिच्या पुढ्यात अख्खं आयुष्य पडलंय. तुम्ही काय, सोसाल.’ मी शब्द दिला. ती इतकी निवांत झाली की त्या रात्री इंजेक्शनशिवाय झोपली. तुझी आई आता इतर कशाचीही काळजी करत नाही, फक्त एवढ्याचीच करते.

आणि तरी मी हे लिहितोय. तुला कारण हवं असेल. दिवस थोडे आहेत, तीन आठवडे म्हणतात, आईला शेवटचं भेटून घे म्हणून लिहिलं, असं लिहिता आलं असतं. कुणीही मला चांगला बाप म्हटलं असतं. ये तू, लगेच ये. पण ते कारण नाही. त्याला ‘आईची तब्येत बरी नाही, ये’ एवढ्या दोन ओळी पुरल्या असत्या. टेपचं, चार घासांचं, तुझ्या त्या ‘नाटकं नको’चं लिहायची काही गरज नव्हती. ते मी मुद्दाम लिहिलं. पाच आठवडे मी हे एकट्यानं उचलतोय, आणि तू दर रविवारी आनंदात असतेस, आणि तो आनंद माझ्या कानात घुसतो. ती म्हणाली, तुम्ही सोसाल. मला सोसत नाही, भिंगरी. यातलं अर्धं तुझं आहे, आणि तुझ्या आईनं मरता मरता ते तुझ्यापासून दूर ठेवलं होतं. मी ते आज उचलून तुझ्या घरी पाठवतोय, कारण मला यात कुणीतरी बरोबर हवं होतं. मी शब्द मोडला हे मात्र तिला कळायला नको. तेव्हा येशील तेव्हा डोळे पुसून आत ये, रडू नकोस, पोटाकडे बघू नकोस. ती तुझ्यासाठी उशी मांडीवर घेऊन, केस विंचरून बसलेली असेल. तिच्या गळ्यात पड आणि म्हण, आई, काय छान बारीक झालीस गं.

तुझाच,
बाबा